समोर नसलेली रेघ

एका उंदराला शिकवलं होतं: पडद्यावर एका दिशेच्या रेघा दिसल्या की समोरची नळी चाटायची, म्हणजे पाणी मिळतं, दुसऱ्या दिशेच्या दिसल्या तर नळीला तोंड लावायचं नाही. उंदीर ते चांगलं शिकला. मग पडद्यावरच्या रेघा दिवसेंदिवस फिकट करत नेल्या आणि शेवटी पडदा कोराच ठेवला. त्याच वेळी त्याच्या मेंदूच्या दृष्टीच्या भागातल्या वीसेक पेशी निवडून त्यांच्यावर लेसरचे बारीक ठिपके टाकले. एरवी त्या दिशेच्या रेघा पाहिल्या की ज्या पेशी जाग्या होतात, नेमक्या त्याच या पेशी. उंदराने नळी चाटली.

स्टॅनफर्ड विद्यापीठात कार्ल डायसेरॉथ यांच्या प्रयोगशाळेत झालेलं हे काम २०१९ साली प्रसिद्ध झालं. ‘उंदराच्या मेंदूत खोटं चित्र घातलं’ अशा थाटाच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. मला त्यातलं खोटं चित्र तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाचं हे, की दिसण्याबद्दलचा एक जुना प्रश्न पहिल्यांदाच नीट विचारता आला. एखादी गोष्ट पाहताना मेंदूतल्या असंख्य पेशी जाग्या होतात. त्यातल्या दिसण्याला कारणीभूत कोणत्या आणि नुसत्या सोबतीला असणाऱ्या कोणत्या? कितीही बारकाईने निरीक्षण केलं तरी याचं उत्तर मिळत नाही, कारण निरीक्षणातून फक्त कोण कोणाबरोबर असतं एवढंच कळतं. कारण शोधायचं तर हात घालावा लागतो: ठरावीक पेशी आपण स्वतः जागी करायची आणि काय होतं ते पाहायचं. जिवंत, जाग्या प्राण्याच्या मेंदूत, आजूबाजूच्या पेशींना धक्का न लावता हे करणं कसं जमलं, ते आता क्रमाने पाहू.

आधी दिसण्याचा रस्ता. माणसाच्या डोळ्याच्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात, मंद उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी आणि रंग ओळखणाऱ्या सुमारे ६० लाख पेशी असतात. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत मात्र तंतू असतात दहा-बारा लाखच. म्हणजे निवडानिवड डोळ्यातच सुरू होते. मेंदूकडे जाते ती गाळून घेतलेली माहिती. ती मेंदूच्या मध्यावरच्या थॅलॅमस नावाच्या भागातून डोक्याच्या मागच्या बाजूला पोचते. मेंदूच्या सालीचा, म्हणजे बाहेरच्या आवरणाचा, तिथला भाग म्हणजे प्राथमिक दृष्टिक्षेत्र.

या क्षेत्रातल्या पेशी काय करतात हे पहिल्यांदा उलगडलं १९५८मध्ये, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन व्हीझेल बेशुद्ध केलेल्या मांजराच्या मेंदूत बारीक इलेक्ट्रोड घालून एकेका पेशीचे विजेचे स्पंद ऐकत होते. काचेच्या स्लाइडवर काळा ठिपका काढून तो मांजराच्या डोळ्यासमोर टाकत होते, आणि पेशी काही केल्या दाद देत नव्हती. मग एकदा स्लाइड सरकवताना पेशी एकदम तडतडली. ठिपक्याशी तिला देणंघेणं नव्हतं. काचेच्या कडेची जी पुसट सावली पडद्यावरून सरकली होती, त्या सावलीच्या रेघेला ती दाद देत होती, आणि तीही रेघ ठरावीक कोनात असेल तरच. प्रत्येक पेशीला आपल्या आवडीचा कोन असतो, हा तो शोध. १९८१चं नोबेल पारितोषिक या दोघांना मिळालं. पुढची कितीतरी वर्षं दृष्टीचं संशोधन याच पद्धतीने चाललं: एक इलेक्ट्रोड, एक पेशी, तासन्‌तास बसणं. पण कोट्यवधी पेशींच्या व्यवहारातली एकच पेशी ऐकून तिची शेजारीण काय करते आहे हे कळणार कसं?

शेजारणी दिसायला हव्यात तर पेशीची जाग डोळ्यांना दिसेल अशी करायला हवी. इथे कॅल्शियम मदतीला आलं. चेतापेशी शांत असताना तिच्या आतलं मोकळं कॅल्शियम बाहेरच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं. पेशीत विजेचा स्पंद उठला की तिच्या भिंतीतली दारं उघडतात आणि कॅल्शियम आत घुसतं. म्हणजे आतलं कॅल्शियम वाढलं की पेशी बोलली असं समजायचं. ते मोजायला एक प्रथिन घडवलं गेलं. त्याचा चमकणारा भाग मुळात जेलीफिशचा. समुद्रातल्या एका जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन ओसामु शिमोमुरा यांनी १९६२मध्ये वेगळं केलं होतं, आणि २००८च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. २००१मध्ये जपानच्या जुनिची नाकाई आणि सहकाऱ्यांनी या प्रथिनाला कॅल्शियम पकडणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाची जोड दिली. नाव ठेवलं जीकॅम्प. कॅल्शियम चिकटलं की हे प्रथिन जास्त चमकतं, सुटलं की मंदावतं. त्याचं जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या हाती पेशीत पोचवायचं किंवा जन्मतःच ते जनुक असलेले उंदीर वाढवायचे. पेशी ते प्रथिन स्वतःच बनवते. २०१३मध्ये याची सहावी पिढी आली आणि जगभरच्या प्रयोगशाळांत पसरली, कारण तिच्यात एकट्या स्पंदाचीही चमक पकडता येऊ लागली.

चमक असली तरी ती दिसायला हवी, आणि मेंदू पारदर्शक नाही. आत शिरलेला प्रकाश थोड्याच अंतरावर इकडेतिकडे विखुरतो. साध्या सूक्ष्मदर्शकाने वरच्या थराखाली पाहायला गेलं तर सगळा धूसर गोंधळ दिसतो. यातून मार्ग काढणारी युक्ती मला या सगळ्या कहाणीत सर्वांत सुंदर वाटते, म्हणून इथे जरा थांबू.

चमकणाऱ्या रेणूला उत्तेजित करायला एरवी निळ्या प्रकाशाचा एक कण, एक फोटॉन, पुरतो. मारिया ग्योपर्ट-मायर या तरुण जर्मन संशोधिकेने आपल्या डॉक्टरेटच्या कामात गणिताने दाखवलं, की निम्म्या ऊर्जेचे दोन फोटॉन जवळजवळ एकाच क्षणी रेणूवर येऊन आदळले तर तेही हेच काम करू शकतील. हे १९३१चं. पण साध्या उजेडात दोन फोटॉनांची अशी गाठ पडणं इतकं दुर्मीळ, की तीस वर्षं ते सिद्धच करता आलं नाही. लेसर आला तेव्हा, १९६१मध्ये, त्याचा पुरावा मिळाला. (ग्योपर्ट-मायर यांना १९६३मध्ये नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी, अणुकेंद्राच्या रचनेसाठी.) १९९०मध्ये कॉर्नेल विद्यापीठात विनफ्रीड डेंक, जेम्स स्ट्रिकलर आणि वॉट वेब यांनी त्यावर सूक्ष्मदर्शक उभा केला.

त्यातला लेसर अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. लांब तरंगांचा हा प्रकाश मेंदूत कमी विखुरतो. तो सलग पडत नाही, सेकंदाला सुमारे आठ कोटी अतिसूक्ष्म झटक्यांत येतो. एकेक झटका सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्याही दहाव्या हिश्शाइतका छोटा असतो, त्यामुळे तेवढ्या क्षणात फोटॉनांची प्रचंड दाटी होते. तरीही दोन फोटॉन एकाच रेणूवर एकदम येण्याची शक्यता प्रकाशाच्या तीव्रतेच्या वर्गाने बदलते: तीव्रता दुप्पट तर चमक चौपट, तीव्रता दहाव्या हिश्शावर तर चमक शंभराव्या हिश्शावर. म्हणून जिथे भिंग प्रकाश एकवटतं त्या एका बिंदूवरच रेणू चमकतात. वर, खाली, बाजूला सगळं अंधारंच राहतं.

याचा फायदा मोठा. चमक कुठून उठली हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, कारण लेसर कुठे रोखला आहे ते आपणच ठरवलेलं असतं. मग बाहेर येताना तो हिरवा प्रकाश कितीही विखुरला तरी बिघडत नाही. जेवढा हाती लागेल तेवढा गोळा करायचा आणि त्या बिंदूच्या नावावर मांडायचा. बिंदू भराभर फिरवत नेला की चित्र तयार. उंदराच्या कवटीचा काही मिलिमीटर व्यासाचा तुकडा काढून तिथे काच बसवतात. त्या खिडकीतून सालीच्या आत साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही खोल, एकेक पेशी वेगळी दिसते. त्याच उंदराच्या त्याच पेशी आठवडेच्या आठवडे, महिनोन्‌महिने पाहता येतात.

आणि पाहिल्यावर काय दिसलं? २००५मध्ये हार्वर्डमध्ये केनिची ओकी, क्ले रीड आणि सहकाऱ्यांनी कॅल्शियमला दाद देणारा रंग वापरून मांजर आणि घुशीच्या जातीच्या रॅटचं दृष्टिक्षेत्र पाहिलं. मांजरात एका कोनाची आवड असलेल्या पेशी शेजारी शेजारी नांदतात, आणि दोन वस्त्यांमधली सीमारेषा जवळजवळ एका पेशीइतकी काटेकोर असते. रॅटमध्ये अशी वस्ती नाहीच. उभ्या रेघेची पेशी, तिच्याशेजारी आडवीची, तिच्यापलीकडे तिरपीची, असा सगळा चिवडा. उंदरातही तसंच. तरीही रॅटची एकेक पेशी आपल्या कोनाबाबत चोखंदळ असते. म्हणजे आवड एकसारखी असायला शेजार लागत नाही. कोण कोणाशी जोडलेलं आहे ते महत्त्वाचं. हा चिवडा लक्षात ठेवा, पुढे तो अडचण होऊन येणार आहे.

दुसरं आश्चर्य जाग्या उंदरांनी दाखवलं. त्याआधीचे बहुतेक प्रयोग भूल दिलेल्या प्राण्यांवर झाले होते. डोकं स्थिर पकडून, हवेवर तरंगणाऱ्या हलक्या चेंडूवर पाय मोकळे सोडले की उंदीर जागच्या जागी धावू शकतो. २०१०मध्ये ख्रिस नील आणि मायकेल स्ट्रायकर यांनी दाखवलं, की उंदीर धावू लागला की तेच चित्र पाहताना दृष्टिक्षेत्रातल्या पेशींचा प्रतिसाद साधारण दुप्पट होतो. २०१९मध्ये एकाच वेळी सुमारे दहा हजार पेशी पाहणाऱ्या एका गटाला आढळलं, की उंदराच्या मिशा, नाक, चेहऱ्याच्या हालचालींचे पडसादही दृष्टीच्या या भागात उमटत असतात. ज्याला आपण निव्वळ दृष्टीचं क्षेत्र समजत होतो, तिथे शरीराचीही सतत वर्दी पोचते. मग अशा गजबजलेल्या जागी रेघ ‘दिसली’ ती नेमकी कोणत्या पेशींमुळे? निरीक्षणाची ताकद इथे संपते.

मेंदूत हात घालण्याचे प्रयत्न जुनेच. १९६८मध्ये इंग्लंडमध्ये जाइल्स ब्रिंडली आणि वॉल्पोल लेविन यांनी अंध झालेल्या ५२ वर्षांच्या एका बाईंच्या दृष्टिक्षेत्रावर इलेक्ट्रोडांची पट्टी बसवली. विजेचा हलका झटका दिला की त्यांना प्रकाशाचे ठिपके दिसत. मेंदूला बाहेरून दाखवता येतं हे त्यातून सिद्ध झालं. पण वीज निवड करत नाही. इलेक्ट्रोडच्या आसपास जे असेल ते सगळं उत्तेजित होतं, जवळून जाणारे लांबच्या पेशींचे धागेसुद्धा. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९मध्ये मेंदूविज्ञानाची गरज लिहून ठेवली होती: एकाच प्रकारच्या पेशींवर ताबा मिळवता यावा आणि बाकीच्यांना स्पर्शही होऊ नये.

ती गरज भागवली पाण्यातल्या एका शेवाळाने. क्लॅमिडोमोनस नावाचं एकपेशीय हिरवं शेवाळ उजेडाच्या दिशेने पोहतं, कारण त्याच्याकडे प्रकाश पडताच उघडणारं एक प्रथिन असतं. उघडलं की विद्युतभारित कण आत येतात. पीटर हेगेमान, गेओर्ग नागेल आणि एर्न्स्ट बाम्बेर्ग यांनी २००२-०३मध्ये जर्मनीत या प्रथिनांचा उलगडा केला. २००५मध्ये एड बॉयडन, डायसेरॉथ आणि सहकाऱ्यांनी ते चेतापेशीत घातलं, निळा प्रकाश टाकला, आणि पेशीने झटक्यासरशी स्पंद दिला. प्रकाश बंद, पेशी शांत. जनुकांच्या मदतीने पेशींना प्रकाशाच्या ताब्यात आणणाऱ्या या तंत्राला ऑप्टोजेनेटिक्स म्हणतात.

आता तो चिवडा आडवा येतो. प्रकाशाचा झोत मेंदूवर टाकला तर उभ्या, आडव्या, तिरप्या आवडीच्या हजारो पेशी एकदम जाग्या होतात. असा सार्वत्रिक गलबला खऱ्या दृश्यात कधीच होत नाही. चिवड्यातले फक्त शेंगदाणे वेचायचे तर एकेक दाणाच उचलावा लागणार. म्हणून पाहायला वापरलेली दोन फोटॉनांची युक्तीच जागं करायलाही वापरली गेली, कारण त्यातच एका बिंदूवर मर्यादित राहण्याचा गुण आहे. एका लेसरचे एकाच वेळी अनेक बिंदू करण्यासाठी द्रवस्फटिकांचा एक छोटा फलक वापरतात. संगणक त्यातला प्रत्येक ठिपका असा वळवतो, की परावर्तित प्रकाश मेंदूच्या आत हव्या तितक्या बिंदूंवर, वेगवेगळ्या खोलींवरही, एकवटतो. हे होलोग्राफीचं तंत्र. पॅरिसच्या व्हॅलेंटिना एमिलियानी यांच्या गटाने त्यावर बरीच मेहनत घेतली आहे. एक कटकट होतीच: पाहण्याच्या लेसरने चुकून पेशी जाग्या होऊ नयेत. त्यासाठी जागं करणारं प्रथिन वेगळ्या, आणखी लांब तरंगांच्या लेसरला चांगली दाद देणारं निवडावं लागतं. स्टॅनफर्डच्या प्रयोगात समुद्रातल्या एका सूक्ष्मजीवाकडून घेतलेलं असं प्रथिन होतं, आणि ते अगदी थोड्या प्रकाशालाही दाद देणारं.

मग क्रम असा: आधी उंदराला रेघा दाखवायच्या आणि कोणती पेशी कशाला चमकते याची नोंद करायची. नोंदीतून हव्या त्या पेशी निवडायच्या. पडदा कोरा ठेवून फक्त त्यांच्यावर बिंदू टाकायचे आणि बाकीच्या पेशी काय करतात ते त्याच वेळी पाहत राहायचं. वीसेक पेशी जागवल्यावर दिसलं, की ज्यांच्यावर प्रकाश टाकलाच नव्हता अशा समान आवडीच्या पेशीही हळूहळू सामील होऊ लागल्या. सालीच्या खोलच्या पाचव्या थरातल्या पेशी या बाबतीत वरच्या थरांहून जास्त प्रभावी ठरल्या. त्याच वर्षी, २०१९मध्ये, कोलंबिया विद्यापीठात राफाएल युस्ते यांच्या गटाने आणखी पुढचं दाखवलं: पेशींच्या एखाद्या टोळीतल्या नेमक्या दोन पेशी निवडल्या तरी त्या बाकीच्या टोळीला जागं करू शकतात, आणि उंदीर शिकवल्याप्रमाणे वागतो.

इथे शंका यायलाच हवी. उंदराला रेघ दिसली, की ‘डोक्यात काहीतरी झालं’ एवढंच कळलं? उंदराला विचारता येत नाही. त्याच्या वागण्यावरूनच अंदाज करावा लागतो. मेंदूतली कृत्रिम हालचाल ओळखायला उंदीर शिकतात हे याआधीच माहीत होतं. पण इथे त्याला दोन्हींतला फरक करायचा होता: या कोनाच्या पेशी जागवल्या तर चाटायचं, त्या कोनाच्या जागवल्या तर नाही. नुसती खळबळ ओळखून ते जमलं नसतं. शिवाय मेंदूत उमटलेला नमुना खऱ्या रेघांच्या नमुन्याशी जुळत होता. त्यामुळे उंदराच्या मेंदूने त्या पेशींचं म्हणणं रेघ म्हणूनच वाचलं, असं म्हणायला मला हरकत वाटत नाही. अनुभव कसा होता हे मात्र या प्रयोगातून सांगता येत नाही, आणि बातम्यांनी ते सांगायला नको होतं.

दुसरी शंका जास्त खोल आहे. वीस पेशी पुरत असतील तर मेंदूला दिवसभर भास का होत नाहीत? पेशी तर आपोआप अधूनमधून स्पंदत असतातच. बहुधा याचं उत्तर एकजुटीत आहे: एकाच आवडीच्या वीस पेशी नेमक्या एकदम स्पंदणं हे योगायोगाने सहसा घडत नाही, आणि मेंदू तेवढ्याच गोष्टीला दाद देण्याइतका काठावर ठेवलेला असतो. याला जोड देणारा एक निष्कर्षही त्याच वर्षीचा, हार्वर्डच्या सेल्मान चेतिह आणि क्रिस्टोफर हार्वी यांचा. त्यांनी एका वेळी एकच पेशी जागवली आणि तिच्या शेजारणी पाहिल्या. एकट्या पेशीच्या जागण्याने समान आवडीच्या शेजारणी उलट दबल्या. एक बोलली तर तिच्यासारख्या गप्प बसतात. अनेक एकदम बोलल्या तर इतर साथ देतात. दोन्ही प्रयोगांतले उंदीर, थर, शिकवणी वेगवेगळी होती, म्हणून दोन्ही एका सूत्रात कोंबायची घाई नको. तरी चित्र पटण्यासारखं आहे: किरकोळ, पुनरुक्त बडबड दाबायची आणि ठाम एकमत मोठं करायचं. नुसत्या निरीक्षणातून हे कधीच कळलं नसतं, कारण एरवी समान आवडीच्या पेशी एकत्रच चमकताना दिसतात आणि आपण त्यांना एकमेकींच्या मैत्रिणी समजून बसतो.

माणसांसाठी यातलं काय? मेंदूच्या सालीत असं नेमकं लिहिणं सध्या दूर आहे. उंदराची साल जेमतेम मिलिमीटरभर जाड. आपली दोन-तीन मिलिमीटर, घड्यांत दुमडलेली, आणि आपल्या प्राथमिक दृष्टिक्षेत्रात प्रत्येक बाजूला १४ कोटींच्या आसपास पेशी. कवटी उघडून, विषाणूने जनुक घालून, वर लेसर रोखणं हा निरोगी माणसावर करण्याचा प्रयोगच नव्हे. डोळा मात्र वेगळा. तिथे प्रकाश जाण्याचा रस्ता निसर्गानेच ठेवला आहे.

२०२१मध्ये जोझे-आलँ साहेल, बोटोंड रोस्का आणि सहकाऱ्यांनी ५८ वर्षांच्या एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. रेटिनायटिस पिग्मेंटोझा या आनुवंशिक आजाराने त्याची प्रकाश टिपणारी पेशींची फळी गेली होती; उजेड आहे की नाही एवढंच कळायचं. पण मेंदूकडे निरोप नेणाऱ्या पुढच्या पेशी शाबूत होत्या. एका डोळ्यात इंजेक्शन देऊन त्या पेशींमध्ये प्रकाशाला दाद देणारं प्रथिन आणलं. हे प्रथिन साध्या उजेडात पुरेसं जागं होत नाही, म्हणून खास चश्मा दिला: त्यातला कॅमेरा दृश्यातले उजेडाचे बदल टिपतो आणि त्यांना पिवळसर-नारिंगी प्रकाशाच्या झटक्यांत बदलून दृष्टिपटलावर टाकतो. काही महिन्यांच्या सरावानंतर चश्मा घालून त्याला टेबलावरची वही सापडू लागली, पेले मोजता येऊ लागले. छोटी वस्तू कमी वेळा जमायची, मोठी बहुतेकदा. रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे दिसतात असं त्याने स्वतः सांगितलं. चेहरा ओळखणं किंवा वाचणं यात नाही.

ज्यांची दृष्टिचेताच गेली आहे त्यांना हा रस्ता उपयोगाचा नाही; त्यांच्यासाठी मेंदूच गाठावा लागतो, आणि तिथे आज इलेक्ट्रोडच हाती आहेत. स्पेनमधल्या एल्चे इथे १६ वर्षं अंध असलेल्या ५७ वर्षांच्या एका माजी शिक्षिकेच्या दृष्टिक्षेत्रात ९६ सुयांचा, चार मिलिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा बसवला होता. त्याचाही अहवाल २०२१चाच. ठिपके जुळवून त्यांना काही साधे आकार आणि अक्षरं ओळखता आली. सहा महिन्यांनी तो तुकडा ठरल्याप्रमाणे काढला. कोणत्या पेशी एकत्र जागवल्या तर ठिपक्यांची रेघ होते आणि कोणत्या जागवल्या तर उलट एकमेकींना दाबतात, याची उत्तरं उंदरांच्या त्या खिडक्यांतून हळूहळू जमत आहेत. पुढचा तुकडा बसवणाऱ्यांना सुया कुठे आणि किती एकदम चालवायच्या हे ठरवताना तीच लागणार आहेत.